साडेपाच लाख ट्रक, नव्वद लाखांचा धूर

२०२० सालच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, एक अहवाल काढला. मागच्या दहाएक वर्षांत देशातल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांमधली प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली किंवा बंद पाडली गेली, असा त्यात अंदाज होता. अशी यंत्रणा घेऊन कारखान्यातून बाहेर पडलेल्या पिकअपपैकी हे प्रमाण जवळपास १५ टक्के. मी अडखळलो तो मात्र पुढच्या आकड्याशी. या साडेपाच लाख ट्रकांचा हवेवर पडणारा भार म्हणे रस्त्यावर ९० लाखांहून जास्त धडधाकट ट्रक नव्याने उतरवण्याइतका आहे.

एका ट्रकाचे सोळा कसे झाले? उत्तरासाठी डिझेल इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, डिझेलच्या इंजिनात पडत नाही. तिथे हवाच इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. या फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन जास्त आणि हवा कमी, तिथे अर्धवट जळून काजळी तयार होते. फवाऱ्याच्या कडेला आच फार आणि ऑक्सिजन भरपूर, तिथे वेगळाच उद्योग चालतो. हवेचा ७८ टक्के भाग असलेला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण इतक्या उष्णतेत तोही ऑक्सिजनशी जुळतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. इंजिनवाले त्यांना मिळून ‘नॉक्स’ म्हणतात. ज्वाला थंड ठेवली तर नॉक्स कमी होतो पण काजळी वाढते, ज्वाला तापवली तर काजळी जळते पण नॉक्स वाढतो. इकडे आड, तिकडे विहीर.

या पेचातून बाहेर पडायला इंजिनाच्या मागे तीन गोष्टी आल्या. पहिली ईजीआर. बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग गार करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा, म्हणजे ऑक्सिजन पातळ होतो, आच उतरते आणि नॉक्स मुळातच कमी तयार होतो. दुसरी डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी. ही मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची विटकर असते. तिच्यातल्या नळ्या आळीपाळीने एकेका टोकाला बुजवलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. गाळणी भरत आली की गाडी स्वतःच तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि साठलेली काजळी जाळून टाकते.

तिसरी यंत्रणा मला सगळ्यात सुंदर वाटते. तिचं नाव एससीआर. तिच्यासाठी गाडीत वेगळी टाकी असते, आणि त्या टाकीत ३२.५ टक्के युरियाचं पाणी. आपल्याकडचे ट्रकवाले त्याला नुसतं युरियाच म्हणतात. गरम धुरात हे पाणी फवारलं की युरियाचा अमोनिया होतो. अमोनिया आणि नॉक्स उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर भेटतात आणि दोन्ही संपतात, उरतं पाणी आणि साधा नायट्रोजन. हवेकडून घेतलेला नायट्रोजन पुन्हा हवेच्या स्वाधीन.

अमेरिकेत २००७ पासून काजळीचे आणि २०१० पासून नॉक्सचे कडक नियम लागू झाले, तेव्हा ही यंत्रणा सर्रास बसू लागली. ती इतकं चोख काम करते की ती नसली की काय होतं याचा अंदाजच आपल्याला राहत नाही. सगळी उपकरणं काढलेल्या ट्रकाची ईपीएने चाचणी घेतली, तेव्हा नॉक्स सुमारे ३१० पट निघाला. न जळलेले हायड्रोकार्बन १४०० पट, कार्बन मोनॉक्साइड १२० पट, काजळी ४० पट. रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकाची सगळीच उपकरणं निघालेली नसतात, त्यामुळे सरासरी एवढी चढत नाही. तरीही त्या साडेपाच लाख ट्रकांमधून त्यांच्या आयुष्यभरात मिळून ५ लाख ७० हजार टन जादा नॉक्स हवेत जाईल, असा हिशेब निघाला. ट्रकामागे टनभर.

हा टनभर वायू डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती काजळी. मुद्दाम जास्त डिझेल सोडून काळे लोट काढायचे, कधी कधी सायकलस्वारांच्या तोंडावर, या प्रकाराला तिकडे ‘रोलिंग कोल’ म्हणतात. न्यू जर्सी राज्याने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. काजळी निरुपद्रवी नाही, डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलंच आहे. पण नॉक्सचा पल्ला लांबचा असतो. उन्हात हायड्रोकार्बनबरोबर त्याच्या प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं हे कोडं १९५०च्या दशकात कॅलटेक या तिथल्या विज्ञान संस्थेतल्या आरी हागेन-स्मिट यांनी सोडवलं. ट्रक जातो निघून, आणि दम्याच्या मुलाला धाप लागते ती कित्येक मैल पुढच्या गावात.

मग माणसं ही यंत्रणा काढतात कशाला? काळा धूर उडवण्याची हौस असलेले थोडे आहेत. बाकीच्यांची तक्रार खरी आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. ईजीआरच्या नळ्या काजळीने तुंबतात. गाळणी बदलायचा खर्च हजारो डॉलरचा. युरियाच्या टाकीतला एखादा सेन्सर बिघडला तर गाडीचा संगणक आधी इशारे देतो आणि मग वेग उतरवतो, अगदी ताशी ८ किलोमीटरपर्यंत. मागे गुरांचा ट्रेलर जोडलेला, जवळचं गॅरेज दोन तासांवर, अशा शेतकऱ्याला त्या क्षणी हवेचं रसायनशास्त्र सांगून उपयोग नसतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये आयोवाच्या राज्य जत्रेत ईपीएने याच बाबतीत सवलत जाहीर केली. गाडी एकदम लंगडी होऊ नये, चालकाला दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळावा, यासाठी कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलावं असं सांगितलं गेलं. ही सवलत आधीच यायला हवी होती असं माझं मत आहे. दुरुस्ती सोपी असती तर उपकरणं काढून टाकणाऱ्या गॅरेजांकडे इतकी गिऱ्हाइकं गेलीच नसती.

काढून टाकण्याच्या या कामाला तिकडे ‘डिलीट’ म्हणतात, आणि त्याचे दोन भाग असतात. गाळणी आणि उत्प्रेरकाच्या जागी सरळ पोकळ पाइप बसवायचा, हा लोखंडाचा भाग. पण तेवढ्याने गाडी चालत नाही. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ओबीडी नावाची स्वनिदान व्यवस्था सक्तीची आहे, आणि पुढे ती मोठ्या पिकअपमध्येही आली. गाळणीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब, धुराचं तापमान, नॉक्सचं प्रमाण ती सतत तपासत असते. गाळणी गायब झाली की तिला लगेच कळतं. म्हणून संगणकाला गप्प करावं लागतं. स्टिअरिंगखालच्या खोबणीत ‘ट्युनर’ नावाची डबी लावायची आणि कारखान्याचा प्रोग्रॅम पुसून दुसरा भरायचा. गाळणी आहे, सगळं ठीक आहे, असं संगणक यापुढे समजून चालतो.

कायद्याने नेमकी ही डबी धरली. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यात प्रदूषण रोखणारी यंत्रणा निकामी करण्यावर बंदी होतीच. १९९०च्या दुरुस्तीने अशी यंत्रणा निकामी करणारे सुटे भाग बनवणं, विकणं आणि बसवणंही बेकायदा ठरवलं. त्यामुळे ईपीएचे अधिकारी बहुतेक वेळा ट्रकमालकाच्या दारात जात नाहीत, ते जातात कारखान्यात, दुकानात, गॅरेजात. एक ट्रक पकडला तर एक ट्रक थांबतो, ट्युनरची एक कंपनी थांबली तर हजारो. २०२० ते २०२३ या काळात संस्थेने ही आपली राष्ट्रीय मोहीम केली आणि १७० हून जास्त दिवाणी प्रकरणं निकाली काढली.

मोहिमेच्या आधीचं ट्युनरचं एक गाजलेलं प्रकरण मात्र ट्रकांचं नव्हतं. २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला. कंपनीच्या विक्रेत्यांकडून मोटारसायकलींसाठी सुमारे ३ लाख ४० हजार ट्युनर विकले गेले होते. ते फक्त शर्यतीसाठी होते, असं कंपनीचं म्हणणं होतं.

शर्यतीचा हा मुद्दा टाकाऊ नाही. अमेरिकेत गावोगावी मातीच्या रिंगणात शर्यती होतात, आणि जुनी मोटार विकत घेऊन तिची शर्यतीची गाडी करणं ही तिथल्या अनेक घरांची पिढीजात आवड आहे. कायद्याचं ईपीएने लावलेलं वाचन असं, की रस्त्यासाठी प्रमाणित झालेली गाडी शर्यतीसाठी बदलली तरी बंदी लागू होते. त्यातून सूट मिळावी म्हणून २०१६ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. मला वाटतं, जी गाडी ट्रेलरवरून रिंगणात जाते आणि ट्रेलरवरूनच परतते, तिला सूट द्यायला हरकत नसावी. अडचण डबीची आहे. विकताना तिच्यावर ‘फक्त शर्यतीसाठी’ असं छापलेलं असतं, आणि साडेपाच लाख ट्रक काही शर्यतीत धावत नाहीत.

गॅरेजवाल्यांचा आणखी एक प्रश्न असतो: मोठ्या कंपन्यांचं काय? त्यांनाही हाच कायदा लागला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोटारींच्या मागे मोजमापाची यंत्रं लावून त्या खऱ्या रस्त्यावर पळवल्या आणि प्रयोगशाळेतले आकडे तिथे जुळेनात. त्यातून २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. चाचणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर एरवी यंत्रणा ढिली सोडत होतं आणि नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होता. मग आली कमिन्स. पुण्याला हे नाव घरचं. कोथरूडला इंजिनांचा कारखाना १९६२ मध्ये उभा राहिला, आणि कर्वेनगरच्या मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही हेच नाव आहे. प्रकरण अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं होतं. २०१३ ते २०१९ च्या ‘राम’ या अमेरिकी ब्रँडच्या सुमारे ६ लाख ३० हजार पिकअपच्या इंजिनांमध्ये यंत्रणेला बगल देणारं सॉफ्टवेअर असल्याचा सरकारचा आरोप होता. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण १६७ कोटी ५० लाख डॉलर भरायला ती तयार झाली. स्वच्छ हवा कायद्याखालचा हा तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड.

आता बराचसा झगडा इंटरनेटवर आहे. ३ लाख ४३ हजारांहून जास्त बेकायदा उपकरणं विकली गेल्याचा ठपका ठेवून सरकारने २०२३ मध्ये ईबे या ऑनलाइन बाजारावर खटला भरला. माल दुसऱ्यांचा, आम्ही फक्त जागा दिली, हा ईबेचा बचाव २०२४ मध्ये न्यायालयाने मानला. आधार होता १९९६ च्या एका कायद्याचा, जो संकेतस्थळांना दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मोकळं करतो. मोबाइलवरून ट्रकात प्रोग्रॅम भरून देणाऱ्या ईझी लिंक कंपनीलाही असाच दिलासा मिळाला होता, पण २०२५च्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो काढून घेतला आणि खटला पुन्हा उभा राहिला.

फौजदारी बाजू याहून नाजूक आहे. ओबीडी हे देखरेखीचं उपकरण, त्यात ढवळाढवळ हा गुन्हा, असं धरून वायोमिंगच्या एका डिझेल मेकॅनिकला २०२४च्या डिसेंबरमध्ये एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. हाताने काम करणाऱ्या माणसाला यासाठी तुरुंगात टाकणं मलाही जड वाटतं. पण माफीने त्या ट्रकांमधली एकही गाळणी परत बसत नाही.

गाळणी परत बसवायला लावणारी गोष्ट म्हणजे ठरावीक काळाने होणारी तपासणी, आणि अनेक राज्यांत डिझेल पिकअपची अशी तपासणीच होत नाही. कॅलिफोर्नियात होते. तिथे २०२१च्या जुलैपासून निरीक्षक गाडीच्या संगणकातल्या प्रोग्रॅमची खूणही वाचतात. प्रोग्रॅमच्या सगळ्या मजकुरावरून संगणक गणिताने एक आकडा काढतो, प्रोग्रॅमला हात लागला की हा आकडा बदलतो. तो कंपनीच्या किंवा राज्याने मान्य केलेल्या आकड्याशी जुळला नाही, तर गाडी नापास. निरीक्षक आपली केबल लावतो स्टिअरिंगखालच्या त्याच खोबणीत, जिथून ट्युनर आत शिरला होता.