दिनविशेष भाषणांचे प्रकारविश्लेषण (बेळगाव सीमाभाग)

राजकीय नेत्याने ठरावीक सार्वजनिक दिनी केलेले भाषण कोणत्या हेतुखंडांनी (एकेक हेतू साधणाऱ्या पायऱ्यांनी) व भाषारूपांनी घडते, याचा अभ्यास. ‘वाङ्मयप्रकार’ ही संज्ञा ललित साहित्याकडे ओढते, म्हणून येथे ‘भाषणप्रकार’ वापरली आहे.

पद्धतीचा उगम कोठे मानावा, यावर एकमत नाही. जुनी रीत अशी भाषणे ॲरिस्टॉटलच्या तीन वक्तृत्वप्रकारांपैकी समारंभीय प्रकारात घालते. तो प्रकार स्तुती-निंदेचा. सीमाभागातील मराठी भाषणाचा गाभा मात्र मागणी (हा भाग महाराष्ट्रात यावा ही) असल्याने ते निम्मे सल्ल्याच्या, म्हणजे भविष्याकडे पाहणाऱ्या प्रकारात जाते. रशियन विचारवंत बाख्तीनच्या उक्तिप्रकारांपासून (बोलण्याच्या रूढ साच्यांपासून) सुरुवात धरणारेही आहेत. मजकूर हेतूनुसार पायऱ्यांत तोडण्याचे तंत्र भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावनांसाठी मांडले (१९८१, विस्तार १९९०). कामाला तेच अधिक सोयीचे पडते. अडचण एवढीच, की सभेत घोषणा मध्येच येतात आणि क्रम मोडतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे या तारखेला शहरात राज्योत्सव (कर्नाटकचा स्थापना दिन) आणि काळा दिवस (मराठी भाषकांचा निषेध दिन) दोन्ही असतात. तारखेवरून प्रकार ठरवणारी वर्गवारी इथेच फसते. राज्योत्सवाच्या भाषणात सहसा भुवनेश्वरीला (कन्नड मातेला) वंदन, एकीकरणाचे स्मरण, सरकारी योजना आणि शुभेच्छा. काळ्या दिनी हुतात्म्यांना अभिवादन, अन्यायाची तारीखवार मांडणी (१९५६, सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, सर्वोच्च न्यायालयातील महाराष्ट्राचा २००४ चा दावा), मागणी, तरुणांना आवाहन, शेवटी घोषणा. शुभेच्छा अर्थातच नाहीत. १७ जानेवारी (१९५६ चे हुतात्मे) व १ जून (१९८६, कन्नडसक्तीविरोधी आंदोलन) यांना अभिवादनाची पायरी लांबते.

खरी अडचण ‘आपण’ची. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. शिवाय ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’ही होते. आधुनिक कन्नडात दोन्हींसाठी ‘नावु’ एकच. त्यामुळे दोन भाषांतील ‘आपलेपणा’ची मोजणी शेजारी मांडण्यात अर्थ नाही. ‘हा लढा पुढे नेऊ’ यात कर्ता गाळलेला आहे आणि ‘नेऊ’ हे रूप ‘आम्ही’ व ‘आपण’ दोघांनाही चालते. अशी वाक्ये वेगळ्या रकान्यात ठेवावीत. ‘नेऊया’ मात्र श्रोत्यासह. ‘झालाच पाहिजे’ मधला ‘च’ काढला तर मागणीची नुसती अपेक्षा होते, म्हणून तो स्वतंत्र नोंदवावा.

ध्वनिमुद्रण पूर्ण हवे. वृत्तपत्रातील बातमी नमन गाळते, अप्रत्यक्ष कथन करते आणि त्यात ‘आम्ही’चे ‘ते’ होतात. सूत्रसंचालकाचे बोलणे व जमावाच्या घोषणा वेगळ्या खुणेने लिहाव्यात. ‘चला की’ सारखी बेळगावी रूपे प्रमाण भाषेत बसवू नयेत. वक्ता प्रमाण मराठीतून बोलीत कोणत्या पायरीवर उतरतो, हे त्यांवरूनच कळते. पायऱ्यांच्या सीमा दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे आखाव्यात. मतभेद बहुधा मांडणी संपून मागणी सुरू होते तिथे पडतो.