सुऱ्या-चाकूंच्या प्रदर्शनाला पहिल्यांदाच परदेशी निघताय?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे धार लावायला येणाऱ्यांत हल्ली दोन प्रकारची मंडळी वाढली आहेत. एक हॉटेलांतले शेफ आणि दुसरे गच्चीवर भट्टी मांडून स्वतः पाती घडवणारे हौशी. दोघंही कधी ना कधी विचारतात, "परदेशातलं एखादं मोठं प्रदर्शन बघायचंय, कुठल्याला जाऊ?" काउंटरवर उभं राहून प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा छापून टाकलेलं बरं. आम्ही तिकिटं काढून देत नाही, व्हिसाची कामं करत नाही आणि कुठल्याही प्रदर्शनाकडून आम्हाला दलाली मिळत नाही. तेव्हा मत मोकळेपणानं देतो.

ते मत असं: पहिल्या खेपेला प्रदर्शनाच्या आधी गाव बघावं. ज्या गावात पिढ्यानपिढ्या सुऱ्या घडत आल्या, तिथल्या प्रदर्शनाला जावं. हॉल दोन-तीन दिवसांत रिकामा होतो, पण कारखाने, संग्रहालय, दुकानं आणि कारागीर तिथंच असतात. याला अपवाद एकच, अटलांटा. नाव सगळ्यांनी तेच ऐकलेलं असतं, म्हणून आधी तेच घेऊ.

अटलांटा, अमेरिका

'ब्लेड शो' दरवर्षी जूनच्या सुरुवातीला शुक्रवार ते रविवार असा भरतो. पहिला १९८२ साली दुसऱ्या शहरात भरला होता, नंतर तो अटलांटाला आला. जगातलं हे सर्वांत मोठं चाकू-प्रदर्शन. एकट्यानं घडवणाऱ्या कारागिरापासून ते मोठ्या कारखान्यांपर्यंत सगळे एका छपराखाली असतात. पोलाद, मुठीचं लाकूड, ग्राइंडरचे पट्टे विकणारेही असतात. घडवणाऱ्याला इतकं सगळं एका जागी दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

पण खरं आकर्षण टेबलांवरच्या मालापेक्षा माणसांचं आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली संस्था पाती घडवणाऱ्यांना दर्जा देते आणि त्यासाठी पाच सुऱ्या परीक्षकांपुढे मांडाव्या लागतात, ते इथे. त्याआधीची परीक्षा आमच्या हौशी मंडळींनी मुद्दाम समजून घ्यावी. लोंबकळत ठेवलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, दोन-बाय-चार इंची लाकडी पट्टी दोनदा आरपार तोडायची, एवढं झाल्यावर त्याच धारेनं हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी पातं शिकंज्यात पकडून ९० अंशांपर्यंत वाकवायचं. तुटता कामा नये. पात्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कडकपणा कसा आणलाय, हे यात लपवता येत नाही! ही परीक्षा पार केलेली माणसं टेबलामागे उभी असतात आणि विचारलं तर सांगतात. संध्याकाळी शेजारच्या हॉटेलच्या बारमध्ये, ज्याला सगळे 'द पिट' म्हणतात, गप्पा पुढे चालू राहतात.

आता अडचणी. नामवंत कारागिरांच्या सुऱ्या नुसत्या पैसे दिल्यानं मिळत नाहीत. चिठ्ठीवर नाव लिहून टाकायचं आणि सोडतीत निघालं तर घ्यायची, अशी पद्धत बऱ्याच टेबलांवर असते. प्रदर्शनाची जागा गेली अनेक वर्षं शहराबाहेर कॉब परगण्यात आहे आणि अटलांटाची मेट्रो त्या परगण्यात जात नाही. म्हणून राहण्याची जागा चालत जाण्याच्या अंतरावर घ्या, नाहीतर रोजचं गाडीभाडं अंगावर येतं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच काही महिने लागू शकतात. हातात व्हिसा नसेल तर जूनचं विमान ठरवू नका. आणि प्रदर्शन संपलं की चाकूंच्या दृष्टीनं अटलांटात बघण्यासारखं फारसं उरत नाही.

स्वतः घडवत असाल आणि इंग्रजीत चार प्रश्न विचारायचा संकोच नसेल, तर अटलांटाच. नुसतं बघायला आणि एखाद-दोन सुऱ्या घ्यायला जाणाऱ्याला आम्ही पुढची दोन गावं सुचवतो.

तिएर, फ्रान्स

मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य भागात, द्युरोल नदीच्या खोल दरीवर हे गाव वसलंय. नदीच्या पाण्यावर धार लावायची चाकं फिरायची आणि कारागीर त्या चाकावर फळी टाकून पालथे पडून काम करायचे. थंडीत पाय गारठू नयेत म्हणून पोटरीवर कुत्रा बसवायचे! ही जागा आजही 'व्हाले दे रुए' नावानं जपली आहे आणि गावात सुऱ्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. मधमाशीचं चिन्ह असलेला 'लायोल' चाकू पुष्कळांनी पाहिलेला असतो. लायोल हे दुसरंच गाव, पण त्या नावाचे बरेच चाकू तिएरमध्ये बनतात. या नावाखाली स्वस्त नक्कलही जगभर विकली जाते. खरा माल हातात घेऊन बघायचा असेल तर इथेच बघा.

प्रदर्शनाचं नाव 'कुतेलिया'. मे महिन्यात शनिवार-रविवार भरतं आणि युरोपातले, बाहेरचेही कारागीर येतात. गर्दी असते, पण टेबलापाशी उभं राहून बोलता येतं. इंग्रजी सगळ्यांना येईलच असं नाही. फोनवरचं भाषांतर आणि खिशातला एखादा नक्षीचा अडकित्ता कामाला येतो. हे गमतीनं लिहिलेलं नाही. आपला पितळी अडकित्ता फ्रेंच कारागिराच्या हातात ठेवा, तो बिजागरी कशी बसवली ते बघायला चष्मा चढवेल. (विमानात मात्र तो मोठ्या बॅगेत.)

गावात हॉटेलं थोडी, म्हणून ४०-४५ किलोमीटरवरच्या क्लेरमाँ-फेराँला उतरा. पॅरिसहून तिथं साडेतीन तासांच्या आसपास रेल्वे लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सुट्टीची झुंबड मोठी असते, तेव्हा फेब्रुवारीतच हालचाल करा. शाकाहारी मंडळींनी चीज आणि बटाट्यावर दिवस काढायची तयारी ठेवावी. तिथला तो प्रकार चांगला असतो, फक्त वर हॅम घालू नका असं आधी सांगावं लागतं.

सेकी, जपान

स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी जायचं असेल तर आमचा कौल सेकीला. गिफू प्रांतातल्या या गावात सातशे वर्षांहून अधिक काळ तलवारी घडत आल्या. तलवारींचा जमाना गेल्यावर तेच हात सुऱ्या, कात्र्या, वस्तऱ्यांकडे वळले. 'काई' ही कंपनी १९०८ साली इथेच सुरू झाली आणि 'फेदर'ची पातीही इथलीच. ऑक्टोबरात भरणारा 'सेकी हामोनो मात्सुरी' हा हॉलमधला सोहळा नाही. मुख्य रस्त्यावर दुतर्फा दुकानं लागतात, कारखान्यांचा माल नेहमीपेक्षा कमी भावात मिळतो आणि तलवार घडवण्याचं पारंपरिक काम लोकांसमोर होतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला असला बाजार हॉलपेक्षा सोपा पडतो. ओळखपाळख, सोडत, टेबलावरचा मानापमान काही नाही. भाव लिहिलेला असतो.

नागोयाला राहून दिवसाची फेरी करता येते. हाताशी आणखी काही दिवस असतील तर निईगाता प्रांतातल्या त्सुबामे-सांजो भागाचा विचार करा. तिथे २०१३ पासून ऑक्टोबरात कारखाने लोकांसाठी उघडे ठेवतात. दोन्हींच्या तारखा जुळतातच असं नाही, त्या वर्षाचं वेळापत्रक बघूनच ठरवा. शेफ मंडळींना ऑक्टोबर सोयीचा पडत नाही हे आम्हाला माहीत आहे. दिवाळीच्या ऑर्डरींचे दिवस असतात.

खरेदीबद्दल एक विनंती. शिरोगामी, आओगामी ही कार्बन पोलादं धारेला अप्रतिम, पण पावसाळ्यात आपल्याकडे, त्यातही कोकण-गोव्याच्या हवेत, एका रात्रीत गंज धरतात. वापरल्यावर लगेच पुसायची शिस्त नसेल तर स्टेनलेस घ्या. आणि ६०च्या पुढे रॉकवेल कठीणपणा असलेलं पातळ पातं नारळावर किंवा हाडावर चालवू नका. धारेचे तुकडे उडतात, आणि मग ती सुरी घेऊन तुम्ही आमच्याकडेच येता.

जर्मनीबद्दल थोडक्यात

झोलिंगेन हे जुनं, नामांकित गाव. हेंकेल्स १७३१ची, व्युस्टहोफ १८१४ची. ग्रेफ्राट भागातलं क्लिंगेनम्युझियम बघण्यासारखं आहे, पण केवळ प्रदर्शनासाठी पहिली फेरी तिथे करावी असं आम्हाला वाटत नाही. न्युरेम्बर्गला फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुमारास भरणारं 'इवा' हे शिकार-नेमबाजीच्या सामानाचं आणि सुऱ्यांचं प्रदर्शन फक्त धंद्यातल्या लोकांसाठी आहे. नोंदणी करताना व्यवसायाचा पुरावा मागतात, हौशी पाहुण्याला आत घेत नाहीत. विमानाचं तिकीट काढल्यावर हे कळून उपयोग नाही.

घेतलेली सुरी घरी आणताना

सुरी केबिनमध्ये नेऊ नका. चेक-इन बॅगेत, टोकाला आणि धारेला पुठ्ठा बांधून ठेवा. बॅग शेवटच्या मुक्कामापर्यंत थेट टाकलेली असावी. विमानतळाच्या आतल्या दुकानातून परतीच्या वाटेवर सुरी विकत घेऊ नका. जपानमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, म्हणून दुकानातून निघालेलं खोकं हॉटेलवर पोचेपर्यंत उघडू नका. बिल सोबत ठेवा.

भारतात शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. शेफची सुरी या सुटीत बसते, तरी बिलावर 'किचन नाइफ' असं लिहून घ्या. कट्यार, दुधारी पातं, बटण दाबताच उघडणारा चाकू यांच्या वाटेला जाऊ नका. अटलांटात कितीही भुरळ पडली तरी.

मुठीकडेही बघा. हस्तिदंत नकोच. 'सांबर स्टॅग' नावाची खडबडीत, तपकिरी मूठ परदेशी कारागीर फार वापरतात. ते सांबराचं शिंग आहे आणि सांबर आपल्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. अशी सुरी भारतात आणू नका. हाडाची, लाकडाची किंवा मिकार्टाची (राळेत दाबून घट्ट केलेल्या कापडाची) मूठ मागा, बहुतेक कारागिरांकडे पर्याय असतो.

पहिल्या खेपेला स्वतःची पाती विकायला टेबल घेऊ नका. विक्रीसाठी व्हिसा, जकात आणि कर यांचे वेगळे नियम लागतात, त्यासाठी जाणकाराचा सल्ला घ्या. दोन-तीन नमुने दाखवायला न्यायला हरकत नाही, पण नेतानाच त्यांची यादी आणि फोटो करून ठेवा, म्हणजे परतताना कस्टम्सपुढे ती नवी खरेदी ठरणार नाही.

तारखा आणि जागा दरवर्षी थोड्याफार सरकतात, म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांच्या संकेतस्थळावर खात्री करा. कुठली सुरी घ्यावी हे ठरत नसेल तर सध्या वापरता ती घेऊन दुपारी तीननंतर दुकानात या. तिच्या धारेवरून तुमचा हात कसा चालतो ते आम्हाला दिसतं, त्यावरून पात्याची लांबी आणि पोलाद सुचवू. याचे पैसे घेत नाही.