डी.फार्म. झालं, आता एक्झिट एक्झाम: कोणी द्यायची, कागदं काय लागतात

विटा, तासगाव, कराड, कुठल्याही कॉलेजातून पोरगं डी.फार्म. (फार्मसीचा दोन वर्षांचा डिप्लोमा) झालं की घरचे लगेच मेडिकल टाकायचं बोलायला लागतात, पण आता मधे एक परीक्षा आलीय. पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) २०२२ च्या रेग्युलेशनप्रमाणे डिप्लोमानंतर एक्झिट एक्झाम पास व्हायची, मगच राज्य फार्मसी कौन्सिलकडे फार्मासिस्ट म्हणून नाव लागणार. एमएसबीटीईचं (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) मार्कशीट हातात आलं म्हणजे काम झालं असं नाही. बी.फार्म.वाल्यांना ही भानगड नाही.

पहिली परीक्षा एनबीईएमएसने (वैद्यकीय परीक्षा घेणारं राष्ट्रीय मंडळ) ३ ते ५ ऑक्टोबर २०२४ ला घेतली, रोज एक असे तीन पेपर, कॉम्प्युटरवर, एमसीक्यू आणि सगळं इंग्रजीत. प्रत्येक पेपरला निदान ५० टक्के पाहिजेत आणि तेही तिन्ही एकाच अटेम्प्टला. म्हणजे दोन पेपरांत सत्तर-सत्तर पडले आणि ज्युरिस्प्रुडन्स (औषधांचे कायदे), ड्रग स्टोअरवाल्या तिसऱ्यात ४८ वर अडकलात तर परत तिन्ही द्या. मला तर हे जरा अतीच वाटतं, पण नियम आहे. बरं एवढंच की अटेम्प्टला लिमिट नाही.

पात्रता सोपी, कॉलेजचा कोर्स फार्मसी ॲक्टच्या कलम १२ खाली मान्य असला पाहिजे. फॉर्म ऑनलाइन, फोटो, सही, अंगठा स्कॅन करून ठेवा, दोन्ही वर्षांची मार्कशीटं आणि ओळखपत्र जवळ असू द्या. आधारवर "पाटील सचिन" आणि दहावीच्या मार्कलिस्टवर "सचिन आनंदराव पाटील" असलं काही असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, फॉर्म नंतर.

डिप्लोमाच्या ट्रेनिंगकडे पोरं लक्षच देत नाहीत. निदान तीन महिन्यांत मिळून ५०० तास लागतात, त्यातले २५० तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शन बघून औषधं द्यायची, त्यामुळं ओळखीच्या मेडिकलमधून नुसता शिक्का मारून आणण्यापेक्षा सांगलीच्या सिव्हिलसारख्या गर्दीच्या ठिकाणी उभं राहिलेलं परवडलं, तिसऱ्या पेपरलाही कामी येतं. दाखल्यावर तास, तारखा, सही-शिक्का सगळं नीट बघून घ्या.

पास झालात की निकाल, डिप्लोमा, ट्रेनिंगचा दाखला, वयाचा पुरावा (१८ पूर्ण लागतं) आणि महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा घेऊन कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन. एफडीएकडं (अन्न व औषध प्रशासन) दुकानाच्या लायसनला फार्मासिस्टचा हाच रजिस्ट्रेशन नंबर दाखवावा लागतो, तेव्हा तो हातात आल्याशिवाय गाळ्याचं डिपॉझिट भरू नका.