शालेय सायबर छळ : कोकण किनारपट्टी

मोबाइल, समाजमाध्यमे किंवा ऑनलाइन खेळांतून एखाद्या विद्यार्थ्याला जाणूनबुजून अपमानित करणे, धमकावणे किंवा एकटे पाडणे म्हणजे सायबर छळ. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारी गावांत छळणारा सहसा अनोळखी नसतो. तो त्याच वाडीतला, त्याच एसटीने शाळेत येणारा असतो. 2020 च्या टाळेबंदीत रेंजसाठी मुले डोंगरावर चढून शिकली. त्या काळात अभ्यासासाठी निघालेल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे घरातला फोन मुलांच्या हाती आला, तो बऱ्याच घरांत तसाच राहिला.

नेहमी दिसणारा प्रकार स्टिकरचा. स्नेहसंमेलनात नाचताना काढलेल्या फोटोतला चेहरा कापून त्याखाली रंगावरून, बोलीवरून किंवा घरच्या मासेमारीवरून काहीतरी लिहायचे. रात्री तो वर्गाच्या ग्रुपवर पडतो, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. सकाळपर्यंत तो वरच्या वर्गात आणि दोन दिवसांत वाडीच्या ग्रुपवरून मुंबईत पोहोचतो. गणपतीला आलेला चाकरमानी भर आरतीनंतर विचारतो, ‘हाच काय रे तो?’ त्या मुलाला मग तोंड लपवायला गावात जागा उरत नाही. मुलींच्या नावाने खोटे इन्स्टाग्राम खाते काढणे हा याहून गंभीर प्रकार.

मुले घरी सांगत नाहीत, कारण पहिली शिक्षा त्यांनाच होते : फोन काढून घेतला जातो. प्रतिबंधाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. ‘सांगितलंस तर फोन जाणार नाही’ हे आईवडिलांनी आधीच, शांतपणे सांगून ठेवावे. फोन वाजला की दचकणे, शाळेला दांडी मारणे, एसटीत मित्रांपासून लांब बसणे या खुणांकडे लक्ष द्यावे. संपर्कयादीबाहेरच्या कोणी ग्रुपमध्ये परस्पर घालू नये यासाठी व्हॉट्सॲपची सेटिंग ‘माझे संपर्क’ अशी ठेवता येते.

छळ सुरू झाल्यावर उलट उत्तर देऊ नये आणि घाईने चॅट पुसू नये. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा, मग रिपोर्ट आणि ब्लॉक करावे. मात्र फोटो अश्लील असेल तर ‘पुरावा’ म्हणूनही तो शिक्षकांना किंवा नातेवाइकांना पाठवू नये. फोनच पोलिसांना दाखवावा. अठरा वर्षांखालील मुलांचे असे फोटो पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो अपलोड होत नाही, त्याची फक्त अंकी खूण फोनवरच तयार होते आणि सहभागी संकेतस्थळे ती वापरून फोटो शोधतात.

मदतीसाठी चाइल्डलाइनचा 1098 क्रमांक चोवीस तास चालतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या लैंगिक आशयाची तक्रार नाव न देताही करता येते. 1930 हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. बालकाचे अश्लील चित्र प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसते फॉरवर्ड करणाराही त्यातून सुटत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालचा (2012) गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणे शाळेवर बंधनकारक आहे. ‘गावातच मिटवू’ हा मार्ग तिथे कायद्याने बंद आहे. छळणारा अठराच्या आतला असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

राज्याने 2022 मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश काढला. समितीवरच्या एखाद्या बाईंशी मुलांची ओळख असेल, तर तक्रार लवकर येते. चिडवण्यापुरत्या प्रकरणांत दोन्ही घरांशी वेगवेगळे बोलून, स्टिकर सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावणे शाळेला जमण्यासारखे आहे. प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागायला लावू नये. त्याने पीडित मुलाचे नाव पुन्हा साऱ्या शाळेच्या तोंडी जाते, आणि संध्याकाळी ग्रुपवर नवा स्टिकर येतो.