इन-इयर इयरफोन घेण्याआधी : ग्वाल्हेरच्या संगीतप्रेमी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे इयरफोन पाहायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "यात सगळ्यात चांगला कोणता?" तुम्ही तो कानात घालून पाहिल्याशिवाय आम्ही या प्रश्नाचं उत्तर देत नाही. कंपनी तीच, मॉडेल तेच, तरी एकाच घरातल्या बाप-लेकाला तो इयरफोन निरनिराळा ऐकू येतो, कारण दोघांचे कान निराळे. दुकानात गर्दी असली की हे सगळं सविस्तर सांगणं जमत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी निवांत वाचा आणि मगच खरेदीला या.

आधी रबर, मग कंपनी

कानाच्या बाहेरच्या खळग्यात नुसता टेकणारा इयरफोन वेगळा आणि कानाच्या नळीत शिरून ती बंद करणारा इन-इयर वेगळा. इन-इयरची सगळी करामत त्या बंद होण्यात आहे. नळी बंद झाली की आत अगदी थोडी हवा उरते आणि त्या हवेवर दाब देऊन इयरफोनमधला आवाज काढणारा आठ-दहा मिलिमीटरचा पडदासुद्धा खर्ज ऐकवू शकतो. जराशी फट राहिली की दाब निसटतो, आणि सगळ्यात आधी जातात ते खालचे स्वर. मग आवाज पातळ, पत्र्यासारखा वाटू लागतो. ग्राहक म्हणतात, "याला बेसच नाही." बऱ्याचदा बेस असतो, पण रबर लहान पडत असतं.

डब्यात साधारण तीन मापांची रबरं येतात : लहान, मध्यम, मोठं. कंपनीने मध्यम लावून दिलेलं असतं आणि बरेच जण वर्षानुवर्षं तेच वापरतात. तिन्ही लावून पाहा. उजव्या कानाला मध्यम आणि डाव्याला मोठं लागलं तर त्यात विचित्र काही नाही, खूप जणांचे दोन्ही कान सारखे नसतात. घालायचीही एक पद्धत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून न्या, कानाचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढा, इयरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि कान सोडा. नळी थोडी वाकडी असते. अशी ओढली की ती सरळ होते आणि रबर नीट बसतं.

सिलिकॉनचं रबर टिकाऊ आणि धुता येण्यासारखं असतं. फोमचं रबर चिमटीत दाबून बारीक करायचं, कानात घालायचं आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचं. बाहेरचा आवाज फोम जास्त अडवतो, वरचे स्वर मात्र थोडे मऊ करतो आणि काही महिन्यांत बदलावा लागतो. दोन्ही प्रकारांची सुटी रबरं आमच्याकडे आहेत. हजारो रुपयांचा नवा इयरफोन घेण्याआधी जुन्यालाच नवी रबरं लावून ऐका, असं आम्ही मनापासून सांगतो. कित्येकांचं काम तेवढ्यावरच होतं.

नीट बसला की नाही, हे गाण्यानेच ओळखा

आपल्या गावात यासाठी यंत्राची गरज नाही. तानपुऱ्याचं ॲप सुरू करा आणि पुरुषी पट्टी, समजा काळी एक, लावा. मधला षड्ज (सा) साधारण १३८ हर्ट्झचा असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेखाली बसवलेल्या दोऱ्याने येणाऱ्या झणकारामुळे, वरचे स्वयंभू स्वर (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे उंच स्वर) इतके ठळक निघतात की खर्ज गळाला तरी तानपुरा वाजतोय असंच वाटतं. म्हणून इयरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर तानपुरा एकदम भरीव झाला आणि बोट काढताच पुन्हा पोकळ झाला, तर रबर लहान आहे. दाबूनही फरक पडला नाही, तर बसला आहे.

दुसरी परीक्षा जुन्या मोनो ध्वनिमुद्रणाची. ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव शंकर पंडितांसारख्या बुजुर्ग गायकांची जुनी मुद्रणं अनेकांच्या संग्रहात असतात. मोनोमध्ये दोन्ही कानांना अगदी एकच आवाज जातो, म्हणून गायक डोक्याच्या बरोबर मध्ये बसलेला ऐकू यायला हवा. तो डावीकडे सरकला तर उजवीकडचं रबर तपासा. रबर बदलूनही तो तिकडेच राहिला तर दोन्ही बाजूंची अदलाबदल करा : डावा इयरफोन उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. गायक बाजू बदलून दुसरीकडे गेला तर दोष इयरफोनमध्ये आहे, असा पीस घेऊ नका. गायक होता त्याच बाजूला राहिला तर आधी दुसऱ्या कानात मळ साचला आहे का, ते डॉक्टरांकडून पाहून घ्या.

आवाजाची पारख

कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती स्वतःच २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर वाढवून देते. माणसाच्या आवाजाचा स्पष्टपणा, शब्दांची धार याच टापूत असते. इन-इयर घातला की नळीचं तोंड बंद होतं आणि ही नैसर्गिक वाढ बिघडते. म्हणून चांगला इयरफोन बनवणारे तेवढ्या भागात मुद्दाम उठाव देतात. तो कमी पडला तर गायक पडद्यामागून गातोय असं वाटतं. जास्त झाला तर तार षड्जावर कान दुखतो, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरची खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसते. जुनं ख्यालगायन, नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांनी हा भाग सगळ्यात बारकाईने ऐकावा. त्या काळच्या मुद्रणात खोल बेस मुळात उतरलेलाच नाही, तेव्हा भारी बेसच्या इयरफोनचा तिथे काहीच उपयोग नाही.

नव्या मुद्रणांसाठी तबला आणि सरोद घ्या. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घुमारा वर चढताना नीट कळायला हवा. सगळीकडे एकच धम्म आवाज येत असेल तर बेस फुगवलेला आहे. सरोदमध्ये जव्याचा (तार छेडायच्या तुकड्याचा) आघात, पोलादी पट्टीवरून नख घसरतानाची मींड आणि मागे तरफांची (आपोआप झंकारणाऱ्या जोडतारांची) झणकार ही तीन वेगवेगळी कामं आहेत. जिवाजीगंजातलं सरोद घर हे वाद्यसंग्रहालय पाहिलेल्यांना या वाद्याची धातूची पट्टी डोळ्यांपुढे आणता येईल. चांगल्या इयरफोनवर हे तिन्ही सुटे ऐकू येतात. तुम्ही मुख्यतः सिनेसंगीत किंवा नाचाची गाणी ऐकत असाल आणि बेस दणदणीतच हवा असेल, तर तसाच घ्या. आवड तुमची आहे. फक्त तो घेतल्यावर ख्याल मोकळा ऐकू येईल अशी अपेक्षा धरू नका.

दोन इयरफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, हा माणसाच्या श्रवणाचा स्वभाव आहे आणि भल्याभल्यांना तो फसवतो. आम्ही ट्रायल देताना पातळी जुळवून देतो. तुम्ही कुठेही घेतलात तरी हा आग्रह धरा.

ड्रायव्हर, आकडे आणि डब्यावरची अक्षरं

इयरफोनमध्ये आवाज काढणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. पडदा आणि कॉइलचा तो डायनॅमिक ड्रायव्हर. श्रवणयंत्रांतून आलेला चिमुकला तो बॅलन्स्ड आर्मेचर. १९९१ साली एटिमोटिक कंपनीने ईआर-४ काढला आणि इन-इयरमधूनही उत्तम दर्जाचं ऐकता येतं हे दाखवून दिलं, तो बॅलन्स्ड आर्मेचरवरच होता. रंगमंचावरच्या कलाकारांसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवणारी अल्टिमेट इयर्स १९९५ची. आता एकाच इयरफोनमध्ये चार, सहा, दहा ड्रायव्हरही असतात. संख्येवर जाऊ नका. नीट जुळवलेला एकच डायनॅमिक ड्रायव्हर घाईने जुळवलेल्या सहांपेक्षा सरस वाजतो, हे आम्ही रोज ऐकतो. आमच्या मते दीड-दोन हजारांच्या वायरच्या इयरफोनमध्ये आज समाधानाने ऐकण्याजोगे पीस मिळतात. त्यापुढे किंमत दुप्पट केली म्हणून आनंद दुप्पट होत नाही.

डब्यावर "१० ते ४०,००० हर्ट्झ" असं लिहिलेलं असतं. माणसाला फार तर २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं आणि वयानुसार वरची मर्यादा खाली येत जाते. त्या आकड्यावरून इयरफोनचा दर्जा कळत नाही. इम्पीडन्स, म्हणजे इयरफोनचा विजेला होणारा विरोध, १६ ते ३२ ओहम असला की साधा फोन त्याला पुरतो.

वायर सुटी करता येणारी घ्या. इयरफोन बहुधा वायरीतच बिघडतो, तोही प्लगच्या किंवा कानाच्या जवळ, आणि सुटी वायर बदलता येते. चालताना वायर कपड्याला घासून कानात खसखस ऐकू येत असेल तर ती कानावरून मागे वळवून घाला, बरीच कमी होते.

फोनला गोल ३.५ मिलिमीटरचं छिद्र नसेल तर टाइप-सी डोंगल लागेल. डोंगलमध्ये स्वतःची डॅक चिप (डिजिटल गाण्याचं ऐकण्याजोग्या विद्युत संकेतात रूपांतर करणारी) आहे ना, हे विचारून घ्या. नुसत्या वायरीचं स्वस्त डोंगल काही फोनवर चालतं आणि काहींवर मुकं राहतं.

वायरचा की ब्लूटूथचा?

फक्त गाणं ऐकायचं आणि पैशाचं मोल पाहायचं, तर आम्ही वायरचाच सुचवतो. त्याच पैशात आवाज सरस मिळतो आणि जपून वापरला तर तो कित्येक वर्षं चालतो. ब्लूटूथ बड्समधली चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि बहुतेक बड्समध्ये ती बदलता येत नाही. ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. उन्हाळ्यात बड्सची डबी डॅशबोर्डवर ठेवू नका आणि तापलेली असताना चार्जिंगला लावू नका.

तरी रोज गाडीने दिल्लीकडे जाणाऱ्यांना किंवा सकाळी फिरायला जाणाऱ्यांना वायर नको असते, ते आम्हाला समजतं. ब्लूटूथ घेताना कोडेक, म्हणजे आवाज आवळून बिनतारी पाठवायची पद्धत, फोनशी जुळतो का ते पाहा. आयफोन एएसी हा कोडेक वापरतो, एलडॅक किंवा एपीटीएक्स हे कोडेक त्यावर चालत नाहीत. म्हणून आयफोनसाठी एलडॅकचे जास्तीचे पैसे मोजू नका. अँड्रॉइडमध्ये ८.० आवृत्तीपासून एलडॅकची सोय आहे आणि ते जास्तीत जास्त ९९० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके किलोबिट माहिती) जातं. तुलनेसाठी, सीडीचा आवाज १,४११ केबीपीएसचा असतो. अर्थात, ॲपचं सेटिंग "डेटा सेव्हर"वर असेल तर कोडेक कितीही भारी असून उपयोग नाही. ते आधी बदला.

नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट उलट आवाज देऊन मिटवायची सोय, खालच्या, एकसुरी आवाजावर चांगलं चालतं : रेल्वेचा घरघराट, कूलरच्या पंख्याचा आवाज. शेजारच्या प्रवाशाच्या गप्पा आणि हॉर्न त्याने तितकेसे थांबत नाहीत. तिथे पुन्हा नीट बसलेलं रबरच कामाला येतं.

रियाज करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो. तबल्याच्या ॲपबरोबर स्वतःचं गाणं मुद्रित करत असाल, किंवा की-बोर्ड वाजवून त्याचाच आवाज कानात घेत असाल, तर समेवर हात आणि आवाज जुळणार नाहीत. रियाजाला वायरचाच घ्या.

कान एकदाच मिळतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्यांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं, आणि मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. पातळी तीन डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो : ८३ला २० तास, ८६ला १०. म्हणूनच आम्ही बसण्यावर इतका जोर देतो. रबर नीट बसलं की बाहेरचा गोंगाट आपोआप अडतो आणि कमी आवाजातही सगळं ऐकू येतं. ऐकून झाल्यावर कानात शिटी किंवा गुंजन राहत असेल तर आवाज जास्त होत होता. ते टिकून राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कान वाहत असेल, दुखत असेल तेव्हा नळीत शिरणारा इयरफोन घालूच नका. दुचाकीवर, रस्ता ओलांडताना, रुळांजवळ तो काढून खिशात ठेवा. मुलांना इयरफोन घेऊन देताना फोनमधली आवाजाची मर्यादा आम्ही लावून देतो, न विसरता सांगा.

निगा

जाळीवर मळ साचला की एक बाजू हळू वाजू लागते आणि इयरफोन बिघडला असं वाटतं. रबर काढा, जाळी खाली करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. टाचणी किंवा सुई लावू नका. रबरं साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा. आयपीएक्स४ म्हणजे घाम आणि शिंतोडे सोसणारं साधन, ते नळाखाली धुवायचं नसतं. ओले बड्स चार्जिंगच्या डबीत ठेवू नका.

खरेदीला येताना

नेहमीचा फोन आणि तुम्हाला तोंडपाठ असलेल्या दोन-तीन चिजा सोबत आणा, आधीच डाउनलोड करून. ओळखीच्या गाण्यातच फरक कळतो. दुकान उघडल्यावर पहिल्या तासात रस्त्याचा गोंगाट कमी असतो, तेव्हा आलात तर निवांत ऐकता येईल. ट्रायलच्या पिसाला प्रत्येक ग्राहकासाठी आम्ही नवी रबरं लावतो. कानात घालायची वस्तू असल्यामुळे वापरलेला इयरफोन परत घेऊन दुसऱ्याला विकणं आम्हाला पटत नाही, तेव्हा घेण्याआधी हवा तेवढा वेळ ऐका, कोणी घाई करणार नाही.

बिल घ्या आणि जपून ठेवा, वॉरंटीला तेच लागतं. डब्यावर एमआरपी आणि परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला असतो, ब्लूटूथ असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांकही. नामांकित मॉडेल कुठे निम्म्या किमतीत मिळत असेल तर हे तपासल्याशिवाय घेऊ नका. दुसरीकडून घेतलेला इयरफोन असला तरी रबराचं माप पाहायला आमच्याकडे अवश्य या, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.