सगळी इंजिने बंद पडल्यावर

यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यात रात्री कपाशीच्या शेतातून वर पाहिले, तर मुंबई–कोलकाता आणि दिल्ली–बेंगळुरू मार्गांवरची विमाने लुकलुकत जाताना दिसतात. त्यांची सगळी इंजिने एकाच वेळी बंद पडली, तर ती दगडासारखी खाली येतील, असा समज गावोगावी ऐकू येतो. तो खरा नाही. विमानाला हवेत तोलून धरतात ते त्याचे पंख. इंजिनांचे काम पंखांना लागणारा वेग देण्याचे असते. इंजिने थांबली की तोच वेग उंची खर्चून मिळवावा लागतो, म्हणजे विमानाचे नाक किंचित खाली झुकवून तरंगत उतरावे लागते. रोजच्या उड्डाणातही खाली येताना वैमानिक बराच वेळ इंजिने जवळजवळ मोकळीच ठेवतात, आणि प्रवाशांना त्याचा पत्ताही लागत नाही.

मोठे प्रवासी विमान एक किलोमीटर उंची गमावताना साधारण पंधरा ते अठरा किलोमीटर पुढे जाते. यवतमाळच्या आकाशात ३५,००० फुटांवर असताना इंजिने थांबली असे धरू. तिथून नागपूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे आणि त्याच्यापेक्षा विमान सव्वादहा किलोमीटर उंच आहे. पंधराच्या हिशेबाने ते दीडशे किलोमीटर जाऊ शकते, म्हणजे वळणासाठी आणि समोरच्या वाऱ्यासाठी थोडी उंची हाताशी राहते. हेच अकोल्यावर घडले तर नागपूर आवाक्याबाहेर जाते. अमरावतीजवळचे बेलोरा विमानतळ आवाक्यात असते, पण तिथली धावपट्टी १,८५० मीटरची आहे आणि नागपूरची ३,२०० मीटरची. इंजिनांशिवाय उतरणाऱ्या विमानाला धावपट्टी चुकली तर पुन्हा वर जाऊन फेरी मारता येत नाही, त्यामुळे हा फरक जिवाशी निगडित ठरतो.

कॉकपिटमधला क्रम ठरलेला असतो: आधी विमान सांभाळायचे, मग दिशा ठरवायची, आणि त्यानंतर बोलायचे. एक वैमानिक योग्य वेग राखतो, कारण उंची वाचवण्यासाठी नाक वर ओढले तर वेग घटतो आणि विमान उलट कमीच अंतर कापते. दुसरा चेकलिस्ट उघडून इंजिने पुन्हा सुरू करण्याच्या मागे लागतो. दरम्यान अनेक विमानांच्या पोटाखालून एक छोटा पंखा आपोआप बाहेर येतो, ज्याला रॅम एअर टर्बाइन म्हणतात. तो समोरच्या वाऱ्यावर फिरून सुकाणू हलवण्यापुरता हायड्रॉलिक दाब किंवा मोजक्या उपकरणांपुरती वीज देतो. इंजिने परत सुरू झाल्याचीही उदाहरणे आहेत. जून १९८२ मध्ये जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिने बंद पडली होती. राखेतून खाली आल्यावर ती पुन्हा चालू झाली आणि विमान जकार्तात उतरले.

जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाचे मोठेपण मला त्याच्या संयमात दिसते. ‘मेडे’ हा संकटाची सूचना देणारा शब्द तीनदा कानावर आला किंवा पडद्यावर ७७०० हा आणीबाणीचा संकेतांक उमटला की तो आसपासची विमाने दूर करतो, इतरांना त्या वाहिनीवर शांत राहायला सांगतो आणि जवळच्या धावपट्टीची दिशा, अंतर, लांबी व तिथला वारा थोडक्यात कळवतो. विमानात माणसे किती आहेत हे अग्निशमन दलासाठी त्याला हवेच असते, पण तो प्रश्न वैमानिकाला उसंत मिळेल तेव्हाच विचारायचा असतो.

जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चे इंधन ४१,००० फुटांवर संपले, कारण किलोग्रॅमऐवजी पौंडांचा हिशेब धरून ते भरले गेले होते. विमानातली बरीच वीज गेल्यामुळे विनिपेगच्या नियंत्रकांना जुन्या पद्धतीच्या रडारवरूनच अंतर काढून कळवावे लागले. त्यातून विनिपेग गाठता येणार नाही हे लक्षात आले आणि गिमलीची जुनी लष्करी धावपट्टी निवडली गेली. तिथे विमान फार उंच राहिले, तेव्हा ग्लायडर चालवणाऱ्या कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांनी ते वाऱ्याला तिरपे धरून उंची घालवली. ६९ पैकी सगळे वाचले.

उंची कमी असली की हे सारे गणित आकसते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एअरबस ए३२० वर सुमारे २,८०० फुटांवर पक्षी आदळले आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. नियंत्रकाने आधी लाग्वार्डियाची आणि मग टीटरबरोची धावपट्टी देऊ केली. वैमानिकांनी त्या आवाक्यात नसल्याचे ओळखले आणि साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर उतरवले. १५५ जण वाचले. वैमानिकांच्या हातातली चेकलिस्ट मात्र खूप उंचीवरचा बिघाड गृहीत धरून लिहिलेली होती आणि तिचा जेमतेम एक तृतीयांश भाग वाचून झाला होता. म्हणून अमेरिकेच्या तपास मंडळाने कमी उंचीवरच्या अशा प्रसंगासाठी वेगळी, छोटी चेकलिस्ट तयार करण्याची शिफारस केली.