टाकीचे घाव सोसले की पोरं घट्ट होतात?

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही" म्हणत पोरांना झोडपायचा सल्ला देणारे एक काका प्रत्येक खानदानात असतात, वर 'आम्ही नाही का मार खाऊन घडलो' हेही असतंच. पण घाव पोरांना घट्ट करतात हे काही खरं नाहीये.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रुथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी पार चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, जन्मतानाचे त्रास, घरातली दारू, भांडणं अशा बऱ्याच अडचणींत एकदमच वाढत होती. नुसत्या घावांनी माणूस घडत असता तर ही सगळी पोलादी निघायला हवी होती ना? तसं झालं नाही, तिघांतल्या दोघांना अठरापर्यंत शिकण्यात, वागण्यात किंवा मानसिक प्रॉब्लेम आलेच.

तिसरा मात्र नीट उभा राहिला. स्वभावाचा वाटा होता, हसऱ्या बाळाला सगळेच उचलून घेतात म्हणा, पण त्या मुलांना जीव लावणारं निदान एक तरी माणूस लहानपणापासून मिळालं होतं आणि ते आईबाबाच होते असंही नाही, कुणाची आजी, कुणाची मावशी, पुढे कुणाला शाळेतल्या बाई.

आणि अठराव्या वर्षी वाया गेली म्हणावीत अशातलीही बरीच जण पुढे सावरली, कुणी चांगला जोडीदार मिळाल्यावर, कुणी परत शिकायला लागल्यावर.